कालचं मटण आज चालेल का?

फ्रिजमधला डबा काढायचा, झाकण उघडून नाकाजवळ न्यायचा, मग घरातल्या आणखी एकाच्या नाकाजवळ न्यायचा, आणि दोघांच्या माना हलल्या की कढईत तेल टाकायचं. बहुतेक घरांत मटणाचा निकाल असाच लागतो. नाकाचं ऐकावं, पण अर्धंच. वास मारत असेल तर टाकून द्यायचं, इथवर नाक भरवशाचं. वास येत नाही म्हणजे खायला हरकत नाही, हे सांगायला मात्र नाक अपुरं पडतं.

याचं कारण असं की मांसावर दोन जातींचे जिवाणू असतात. एक नासवणारे. सुडोमोनास हा त्यातला मुख्य. याला थंडी मानवते, त्यामुळे फ्रिजमध्येही तो हळूहळू वाढतो आणि वास, चिकटपणा, रंगातला बदल हे सगळं त्याचं काम. तो सहसा धडधाकट माणसाला आजारी पाडत नाही. दुसरे आजार देणारे: साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, स्टॅफिलोकॉकस, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. हे त्रास होण्याइतके असले तरी मांसाला ना वास येतो, ना चव बदलते. यातले बहुतेक चांगल्या थंड फ्रिजमध्ये वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. दुपारी चार तास ओट्यावर राहिलेलं आणि मग फ्रिजमध्ये ढकललेलं चिकन रात्री वासाला एकदम छान असू शकतं, आणि तेच जास्त धोक्याचं. उलट ३ अंशांवर दोन दिवस नीट राहिलेलं, वरून तपकिरी पडलेलं मटण दिसायला वाईट, पण खायला ठीक.

म्हणून आधी तास आणि तापमान यांचा हिशोब मांडायचा, नाक शेवटी.

घड्याळ सुरू होतं ते दुकानात

इंटरनेटवर जे तक्ते फिरतात ते बहुतेक अमेरिकेच्या कृषी खात्याचे. कच्चं चिकन १ ते २ दिवस, खिमा आणि कलेजीही १ ते २ दिवस, मटणाचे अखंड तुकडे ३ ते ५ दिवस, शिजवलेलं मांस ३ ते ४ दिवस. आकडे बरोबर आहेत, पण ते कत्तलखान्यापासून दुकानापर्यंत सतत थंड राहिलेल्या मांसासाठी आणि ४ अंश किंवा त्याखाली चालणाऱ्या फ्रिजसाठी. आपलं मटण पहाटे कापलेलं, सकाळपासून आकड्याला लटकलेलं, एकाच लाकडी ठोकळ्यावर, एकाच सुरीने तोडलेलं असतं. रविवारी अकरा वाजता रांगेत उभं राहून घेतलेल्या मटणाचे चार-पाच तास बाहेरच्या तापमानात आधीच खर्च झालेले असतात. ते चार-पाच तास आपल्या फ्रिजमधल्या दिवसांतून वजा होतात.

धडधाकट जनावराच्या मांसाच्या आत जिवाणू जवळजवळ नसतात. ते येतात बाहेरून: कातडीवरून, आतड्यातून, सुरीवरून, हातावरून. म्हणजे जितका कापलेला पृष्ठभाग जास्त तितकी त्यांची सोय जास्त. अख्खी रान (मागची तंगडी) जास्त टिकते, रश्शासाठी केलेले तुकडे त्याहून कमी, आणि खिमा सगळ्यात कमी, कारण वरचा सगळा जिवाणूंचा थर यंत्राने आतपर्यंत कालवून दिलेला असतो. त्यातून ते यंत्र दिवसभरात कधी धुतलं जातं हे विचारायची सोय नसते.

हे सगळं धरून बाजारच्या मटणासाठी मी असे आकडे धरतो: खिमा, कलेजी, बोटी, वजडी ही आणली त्याच दिवशी शिजवायची. चिकन फार तर दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या जेवणापर्यंत. मटणाचे तुकडे दोन दिवस. त्यापुढे ठेवायचं असेल तर ते फ्रीझरचं काम, आणि तेही आणल्या दिवशीच. दोन दिवस विचार करून तिसऱ्या दिवशी फ्रीझरमध्ये टाकायचं नाही. फ्रीझर मांस आहे त्या अवस्थेत थांबवतो, सुधारत नाही.

समोर कापून घेतलेल्या कोंबडीबद्दल एक गैरसमज आहे. ती ताजी असते हे खरं, पण गरमही असते. जिवंत कोंबडीच्या अंगात ४१ अंशांच्या आसपास तापमान असतं, आणि दीड किलोचा तो गोळा काळ्या पिशवीत गच्च बांधून तसाच फ्रिजमध्ये ठेवला तर मधला भाग थंड व्हायला कित्येक तास जातात. तोवर मध्ये काय चाललंय याचा बाहेरून पत्ता लागत नाही. बंद पाकिटातलं थंड चिकन वेगळं: पाकीट फोडेपर्यंत वरची तारीख धरायची (दुकानातून घरी येईपर्यंत ते थंड राहिलं असेल तर), फोडल्यावर एक दिवस. पाकीट फुगलेलं असेल तर तारीख बघायच्या भानगडीतच पडू नये.

घरी आल्यावरची दहा मिनिटं

पिशवी आधी सोडायची. खाली साचलेलं लालसर पाणी काढून टाकायचं, कारण जिवाणूंना त्याच्याइतकं सोयीचं खाद्य नाही. लगेच शिजवायचं नसेल तर धुवायचं नाही. ओलं मांस कोरड्यापेक्षा लवकर चिकट होतं. हाडाचे बारीक तुकडे, पिसं काढायला धुवायचं असेलच तर शिजवायच्या अगदी आधी, पातेल्यात पाणी घेऊन, हलक्या हाताने. नळाच्या धारेखाली चिकन धरलं की शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर, ताटांवर, सगळीकडे जातात, आणि माणसाला आजारी पाडायला कॅम्पिलोबॅक्टरची फार मोठी फौज लागत नाही.

मग एक किलो एका डब्यात कोंबण्यापेक्षा दोन पसरट डब्यांत अर्धा-अर्धा किलो. थर दोन-अडीच इंचांपेक्षा जाड नको. घट्ट झाकण, आणि डब्याखाली एक कड असलेली थाळी.

डबा ठेवायचा कुठे, यावर आपल्या फ्रिजमध्ये एक अडचण आहे. नियम सांगतो की कच्चं मांस सगळ्यात खाली, म्हणजे गळलं तरी कशावर सांडायचं नाही. पण आपल्या फ्रिजमध्ये सगळ्यात खाली भाजीचा कप्पा, आणि तो तुलनेने गरम. एकदारी फ्रिजमध्ये सर्वांत थंड जागा फ्रीझरच्या लगेच खालचा ट्रे. तिथेच ठेवावं, फक्त डबा न गळणारा हवा आणि खालची थाळी विसरायची नाही. दारात मात्र कधीच नाही. दार उघडलं की पहिला फटका तिथे बसतो.

आता फ्रिज खरंच किती थंड आहे ते बघा. आतल्या गोल बटणावरचे १ ते ५ किंवा १ ते ७ हे आकडे म्हणजे तापमान नव्हे. आकडा जितका मोठा तितकं थंड, एवढंच. थंडीत ३ वर जो फ्रिज ४ अंश देतो तोच मे महिन्यात, सतत उघडझाप होत असताना, त्याच ३ वर ८-९ अंशांवर जाऊ शकतो. फ्रिजचा साधा थर्मामीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो. ग्लासभर पाण्यात तो उभा करून मधल्या फळीवर रात्रभर ठेवायचा आणि सकाळी फ्रिज पहिल्यांदा उघडला की लगेच वाचायचा. हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पाण्याचं नाही. ४ किंवा कमी आलं तर वर दिलेले दिवस लागू. ७-८ आलं तर दिवस निम्मे धरा आणि बटण पुढे सरकवा. जुन्या एकदारी फ्रिजमध्ये फ्रीझरभोवती अर्ध्या सेंटिमीटरहून जाड बर्फ साचला असेल तर बटण कितीही फिरवा, थंडावा खाली उतरत नाही. आधी बर्फ वितळवायचा.

रंग, वास, हात

रंगाला लोक फार घाबरतात, आणि तोच सगळ्यात कमी बोलका. मांसातलं मायोग्लोबिन हे रंगद्रव्य हवा न लागलेल्या ठिकाणी जांभळट, हवा लागली की लालचुटुक आणि जास्त वेळ गेला की तपकिरी होतं. डब्यात एकमेकांना चिकटलेल्या तुकड्यांच्या मध्ये जांभळा डाग दिसतो तो म्हणूनच. नुसत्या तपकिरी रंगावरून मटण टाकू नका. कलेजीवर हिरवट पिवळा डाग दिसला तर बहुधा पित्ताची पिशवी फुटलेली असते. तेवढा भाग कापून टाकला की कडवटपणा जातो. पण हिरवट झाक आणि त्याच जागी चिकटपणा, किंवा करडं, निस्तेज पडलेलं चिकन, हे वेगळं. तिथे पुढचं काही तपासायची गरज नाही.

वास फ्रिजमधून काढल्या-काढल्या घेऊ नये. थंड मांसाचा वास दबलेला असतो. एक तुकडा वाटीत काढून दहा मिनिटं बाहेर ठेवायचा, मग वास घ्यायचा. बोकडाच्या मटणाला स्वतःचा उग्र वास असतो, चरबीजवळ जास्त. तो माहितीचा वास. आंबूस वास, सडक्या अंड्यासारखा वास, मोजे कुबट व्हावेत तसा वास, किंवा नाकात झोंबणारा अमोनिया हे नासल्याचे वास. हवा काढून बंद केलेलं पाकीट फोडल्यावर सुरुवातीला कोंदट वास येतोच; तो पंधरा-वीस मिनिटांत उडून जायला हवा. नाही उडाला तर टाकायचं.

वास असा अचानक का येतो? रात्री ठीक होतं आणि सकाळी घाण वास, ही तक्रार नेहमीची. नासवणारे जिवाणू आधी पृष्ठभागावरची साखर खातात, तेव्हा वास जवळजवळ नसतो. साखर संपली की ते प्रथिनांच्या घटकांकडे वळतात, आणि दुर्गंध तिथून सुरू होतो. तोवर त्यांची संख्या चौरस सेंटिमीटरला कोट्यवधीत गेलेली असते. वास हा शेवटचा टप्पा आहे, सुरुवात नव्हे.

हाताची तपासणी मला वासापेक्षा जास्त भरवशाची वाटते. बोटांच्या टोकाने तुकड्यावर हलकं दाबून बोट उचलायचं. ताजं मांस ओलसर असतं, बोट सुटतं. चिकट झालेल्या मांसावरून बोट उचलताना बारीक तार येते, आणि धुतल्यावर चार-पाच मिनिटांत तो बुळबुळीतपणा परत जाणवतो. वरच्या तुकड्यावर हे करून थांबू नका. डब्याच्या तळातला तुकडा, कोंबडीच्या तंगडीचा सांधा, मांडी आणि पाठ यांच्यामधली खाच, मटणात हाडाला लागून असलेला भाग, हे आधी बिघडतं. अख्खी रान ठेवली असेल तर हाडाजवळ पातळ सुरी घालून बाहेर काढा आणि सुरीच्या पात्याचा वास घ्या. वरून लालबुंद दिसणारी रान आतून हाडाशी आंबलेली असते ती अशी सापडते.

चाखून बघणं हा तपास नव्हे. कच्चं तर नाहीच, पण शिजवलेलं संशयित मटणही "एक घास बघतो" म्हणून तोंडात घालू नये.

आणि हे सगळं आलं-लसूण लावायच्या आधी. मसाला लागल्यावर नाक, डोळे, हात तिन्ही निकामी होतात. काही घरांत थोडा वास आला की लिंबू पिळून, जास्त हळद-मीठ चोळून, दह्यात मुरवून काम भागवतात. वास जातो, जिवाणू राहतात. हळद-मीठ लावून ठेवायची पद्धत चवीसाठी उत्तम, पण किलोला दोन-तीन चमचे मीठ म्हणजे टिकाऊपणा नव्हे. गोव्याचं चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) किंवा आपलं सुकट टिकतं ते भरपूर मीठ, व्हिनेगर आणि पाणी जवळजवळ संपवून. दह्यातल्या चिकनलाही तेवढेच दिवस द्यायचे जेवढे साध्या चिकनला. मुरवायचं फ्रिजमध्येच, ओट्यावर नाही.

बांगड्याचं वेगळं प्रकरण

मासे हा खरं तर वेगळा विषय, पण एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती उकळून जात नाही. बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन हा प्रथिनांचा घटक भरपूर असतो. मासा बाहेर उबेत राहिला की त्याच्या कल्ल्यांतले आणि पोटातले जिवाणू त्याचं हिस्टामिन हे त्रासदायक रसायन करतात. हिस्टामिन तळून जात नाही, गोठवून जात नाही आणि त्याला वास असेलच असंही नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते, जिभेला मिरी चावल्यासारखं वाटतं. मग लोक म्हणतात, आपल्याला बांगड्याची ॲलर्जी आहे. असते काहींना, पण पुष्कळदा दोष बांगड्याच्या जातीचा नसून त्या बांगड्याच्या दुपारचा असतो. बाजारातून येताना बर्फ मागून घ्या, घरी आल्या-आल्या कल्ले आणि पोट साफ करा, कोरडा करून सगळ्यात थंड जागी ठेवा, आणि त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी संपवा. कोळंबीचं डोकं काळं पडणं हे मात्र तिच्यातल्याच विकरांमुळे (एन्झाइममुळे) होतं. तेवढ्याने ती खराब ठरत नाही. तरी डोकं काढून ठेवलेली बरी, नाहीतर मांस मऊ पडतं.

शिजवलेला रस्सा

शिजलं म्हणजे सुटलो असं वाटतं, पण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सोपा आहे: अन्न ५ अंशांच्या खाली नाहीतर ६० च्या वर. मधला पट्टा धोक्याचा. शिजल्यावर दोन तासांत फ्रिजमध्ये जायला हवं, आणि बाहेर ३२ अंशांहून जास्त उकाडा असेल तर एका तासात. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये एक तास हाच नियम समजा. काही जिवाणू उबेत २० मिनिटांत दुप्पट होतात. रात्रीचे आठ तास म्हणजे २४ वेळा दुप्पट, कागदावर एकाचे दीड कोटीहून अधिक.

गटारीच्या रात्रीचं उदाहरण घ्या. दहा माणसांसाठी आठ लिटरच्या पातेल्यात रस्सा, झाकण घालून ओट्यावर. बाहेरून पातेलं कोमट लागतं, आतून मात्र कित्येक तास उबदार राहतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सचे बीजाणू (जिवाणूची टणक, झोपलेली अवस्था) साध्या उकळीत मरत नाहीत. उकळीने उलट पातेल्यातला प्राणवायू निघून जातो आणि बीजाणू जागे होतात. नेमक्या ४३ ते ४७ अंशांत हा जिवाणू सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होतो. म्हणून मोठ्या पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी पोटात मुरडा आणि जुलाब, उलटी फारशी नाही, असं चित्र दिसतं.

उपाय कष्टाचा नाही. उरलेला रस्सा दोन-तीन पसरट भांड्यांत काढा, थर दोन इंचांपर्यंत. भांडी परातीत गार पाण्यात ठेवा, पाणी एकदा बदला, मधूनमधून ढवळा. असल्यास पाण्यात बर्फ टाका. अर्ध्या-पाऊण तासात हाताला गार लागलं की झाकून फ्रिजमध्ये. किंचित कोमट असलं तरी चालेल. "गरम ठेवलं तर फ्रिज बिघडतो" या भीतीने रात्रभर बाहेर ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. बिर्याणीला हंडीतच ठेवू नका. भातातला बॅसिलस सिरियस जे विष तयार करतो ते पुन्हा गरम करून जात नाही. परातीत पसरवून गार करा, मग डब्यात.

नीट गार करून ठेवलेला रस्सा तीन दिवस धरा. ओल्या नारळाचं वाटण किंवा नारळाचं दूध असेल तर दोन. पांढरा रस्सा तांबड्याच्या आधी आंबतो हे कोल्हापुरात सांगावं लागत नाही. सकाळी डबा उघडल्यावर वर पांढरा चरबीचा थर आणि खाली खरवसासारखा थरथरणारा रस्सा दिसला तर घाबरू नका. तो हाडांतून उतरलेला जिलेटिन. कडेला बारीक फेस, बुडबुडे, आंबूस वास, डावाला लागून येणारी तार, ही विटल्याची खूण.

मग प्रश्न येतो तो "खळखळून उकळी काढली की सगळं मरतं ना?" याचं उत्तर अर्धं हो आहे. परफ्रिंजन्स, साल्मोनेला हे जिवंत जिवाणू उकळीने मरतात, म्हणून उरलेलं नीट गरम करणं कधीही सोडू नये. रस्सा ढवळत पूर्ण उकळू द्या. सुक्कं मटण, तंदुरी तुकडे मधोमध ७४ अंशांपर्यंत जायला हवेत. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड तुकडा फाडून आतून वाफ निघते का बघा. मायक्रोवेव्ह मध्येच कुठेतरी थंड टप्पे सोडतो, तेव्हा अर्ध्यात काढून हलवा आणि झाकण ठेवा. पण स्टॅफिलोकॉकस आपल्या हातांवर, नाकात असतो. शिजवल्यानंतर कोणी बोटाने तुकडा उचलला आणि ते पातेलं बाहेर राहिलं की तो त्यात विष सोडतो, आणि ते विष उकळीला दाद देत नाही. प्रेशर कुकरच्या शिट्ट्यांवरही विसंबू नये. रात्रभर बाहेर राहिलेलं मटण सकाळी उकळून "सुधारत" नाही. आणि गरम करायचं ते खायचं तेवढंच. पूर्ण पातेलं रोज गरम करून रोज परत आत ठेवणं म्हणजे त्याला रोज त्या मधल्या पट्ट्यातून दोनदा फिरवून आणणं.

फ्रीझर आणि गेलेली वीज

फ्रीझरवरचे तारे बघा. एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. एका ताऱ्याच्या कप्प्यात मांस आठवडाभर, दोन ताऱ्यांत महिनाभर, तीनमध्ये तीन महिने निर्धास्त. उणे १८ ला ते त्याहून कितीतरी जास्त सुरक्षित राहतं, फक्त चव उतरत जाते. खिम्याची आधी, अख्ख्या कोंबडीची उशिरा. पांढरट, सुकलेले चट्टे म्हणजे पाणी उडालेलं, विष नव्हे. अर्धा-अर्धा किलोची पाकिटं इंचभर जाडीची सपाट करा, हवा दाबून काढा, वर तारीख लिहा. सपाट पाकीट लवकर गोठतं आणि लवकर सुटतं.

सोडवायचं फ्रिजमध्ये, आदल्या रात्री. घाई असेल तर न गळणाऱ्या पिशवीसकट गार पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलून; अर्धा किलोला साधारण तास लागतो, आणि असं सोडवलेलं लगेच शिजवायचं. ओट्यावर सकाळपासून ठेवलेल्या गोळ्याचं बाहेरचं आवरण तासाभरात उबदार होतं, आतला बर्फ तसाच असतो. फ्रिजमध्ये सोडवलेलं, अजून थंड असलेलं मांस परत गोठवायला हरकत नाही. पाणी सुटून थोडं चरबरीत होतं, इतकंच.

भारनियमनात किंवा पावसाळ्यात खांब पडल्यावर पहिला नियम: दार उघडायचं नाही. बंद फ्रिज साधारण ४ तास थंड धरतो. भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. हे चांगल्या वेगळ्या फ्रीझरचे आकडे, एकदारी फ्रिजमधल्या छोट्या कप्प्याला बरंच कमी धरा. वीज आल्यावर मांसात अजून बर्फाचे कण कुरकुरत असतील किंवा ते ४ अंशांखाली असेल तर परत गोठवा. मऊ पडून कोमट झालं असेल तर किंमत न आठवता टाका. गावी जाऊन चार दिवसांनी येणार असाल तर वाटीत पाणी गोठवून वर एक नाणं ठेवून जा. आल्यावर नाणं वरच असेल तर बर्फ वितळला नाही. तळाशी गेलेलं असेल तर तुमच्या मागे फ्रीझर पूर्ण सुटून परत गोठला आहे, आणि आतलं मटण कितीही दगडासारखं घट्ट असलं तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

घरात कोणी गरोदर असेल, तान्हं बाळ, सत्तरीपुढचं माणूस, मधुमेही किंवा केमो घेणारं कोणी असेल, तर वरच्या प्रत्येक आकड्यातून एक दिवस कमी करा. फ्रिजमधलं उघडं सलामी-सॉसेजही त्यांना वाफ येईपर्यंत गरम करूनच द्या, कारण लिस्टेरिया हा जिवाणू ४ अंशांवरही वाढतो.

आणि पोट बिघडलंच तर शेवटच्या जेवणावर आळ घेण्याची घाई नको. स्टॅफिलोकॉकसचं विष एक ते सहा तासांत उलट्या आणतं, परफ्रिंजन्स सहा ते चोवीस तासांत जुलाब; साल्मोनेलाचा त्रास सहा तास ते तीन दिवसांनी सुरू होतो, कॅम्पिलोबॅक्टरचा दोन ते पाच दिवसांनी. पाणी आणि ओआरएस घोट-घोट चालू ठेवा. शौचातून रक्त, चढता ताप, पाणीही पोटात न राहणं, लघवी कमी होणं, यांपैकी काही दिसलं तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जा. तिथे फक्त कालची बिर्याणी सांगू नका, मागच्या चार-पाच दिवसांत काय, कुठे आणि किती वाजता खाल्लं ते सगळं सांगा.